पंचाची रिकामी खुर्ची

१८२४ साली बर्लिनमध्ये एका तरुण तोफखाना अधिकाऱ्याने प्रशियाच्या जनरल स्टाफच्या प्रमुखांसमोर एक खेळ मांडून दाखवला. अधिकाऱ्याचे नाव गेओर्ग फॉन राइसवित्झ, प्रमुखांचे नाव फॉन म्युफलिंग. म्युफलिंग आले ते काहीशा नाखुशीनेच. राजपुत्र विल्हेल्म यांना हा खेळ आवडला होता, त्यामुळे पाहणे भाग होते. मेजावर घरे आखलेला पट नव्हता. १:८००० प्रमाणाचा, चढउतार दाखवणारा नकाशा होता आणि त्यावर तांबडे-निळे ठोकळे होते. एक ठोकळा म्हणजे एक तुकडी. एक पाळी म्हणजे युद्धातली दोन मिनिटे. दोन मिनिटांत पायदळ जितके चालेल तितकाच ठोकळा सरकायचा. गोळीबाराचा परिणाम फासे टाकून आणि तक्ते पाहून ठरायचा. खेळ पुढे सरकला तसे म्युफलिंग खुर्चीत पुढे सरकले आणि शेवटी हा खेळ सबंध सैन्यात लागू करावा अशी शिफारस करून उठले. राजाज्ञा निघाली, पलटणीपलटणींत खेळाचे संच गेले.

या खेळाचे, म्हणजे ‘क्रीगश्पील’चे, वर्णन करताना बहुतेक जण नकाशा आणि फासे यांवर थांबतात. माझ्या मते त्यातली खरी नवी गोष्ट तिसरीच होती. मेजाशी दोन पक्षांखेरीज एक पंच बसलेला असे. खेळाडू ठोकळ्यांना हात लावत नसत. ते पंचाला लेखी हुकूम देत आणि पंच ते अमलात आणी. कोणाला काय दिसते आहे हे तोच ठरवी. टेकडीमागची शत्रूची तुकडी त्याला ठाऊक असे, पण खेळाडूच्या स्वाराला ती दिसेपर्यंत तिचा ठोकळा नकाशावर येत नसे. निरोप घेऊन निघालेला स्वार वाटेत मारला गेला तर हुकूम पोहोचतच नसे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सगळा पट उघडा असतो. इथे पहिल्यांदाच असा खेळ तयार झाला, ज्यात सगळे सत्य एकाच माणसाला माहीत होते आणि तो माणूस खेळत नव्हता.

आज संगणकावर आणि मोबाइलवर ज्यांना ‘स्ट्रॅटेजी’ आणि ‘आरपीजी’ म्हणतात, म्हणजे डावपेचांचे खेळ आणि भूमिकेचे खेळ, ती दोन्ही घराणी या मेजावरून निघाली. दुकानात त्यांची फळी वेगळी असते, चाहते वेगळे असतात आणि एकमेकांना थोडे नावेही ठेवतात. एकात राज्ये चालवायची, दुसऱ्यात एक माणूस व्हायचे. मी गेली पंचवीस वर्षे दोन्ही खेळत आलो आहे आणि माझे मत असे बनले आहे, की या दोघांचा इतिहास म्हणजे त्या पंचाच्या खुर्चीचा इतिहास आहे. ती खुर्ची कोणी हलवली, कोणी परत आणली आणि अखेरीस तिच्यावर यंत्र बसवल्यावर काय झाले, हे पाहिले तर बरेच काही उलगडते.

* * *

मूळ अर्थात त्याहून जुने आहे आणि ते आपल्याकडे पोहोचते. हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही चार अंगे असलेले ‘चतुरंग’ इराण-अरबस्तानामार्गे युरोपात गेले, तिथे त्यात वजिराची राणी झाली आणि हत्तीचे, उंटाचे रूप पालटले. अठराव्या शतकात जर्मन गणितींना वाटू लागले, की युद्धाचा खेळ म्हणून मिरवणाऱ्या या खेळात युद्ध फारच थोडे उरले आहे. ब्राउनश्वाइगचे योहान हेल्विग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचाच विस्तार केला. त्यांच्या पटावर १,६१७ घरे होती. रंगांवरून डोंगर, दलदल, पाणी ओळखायचे, प्याद्यांच्या जागी पायदळ. पुढे राइसवित्झच्या वडिलांनी घरेच काढून टाकली आणि १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला एक मोठे खणांचे मेज नजर केले. त्यात जमिनीचे उंचसखल तुकडे हवे तसे जुळवता येत. मुलाने ते मेज कागदाच्या नकाशावर उतरवले आणि पंच आणला. त्याचे पुढे बरे झाले नाही. बर्लिनहून त्याची बदली झाली आणि १८२७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

पंचाचे महत्त्व सैन्याला कळत गेले ते तक्त्यांच्या कंटाळ्यातून. नियम वाढत चालले, एका चकमकीसाठी अर्धा तास आकडेमोड होऊ लागली. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या जर्मन सेनाधिकाऱ्याने धाडसी उपाय सुचवला: तक्ते बाजूला ठेवा, फासेही ठेवा. पंच अनुभवी असेल तर निकाल त्याने द्यावा आणि कारण सांगावे. यातून दोन पंथ पडले. एक नियमांचा, दुसरा न्यायबुद्धीचा. पहिल्यात पक्षपाताला वाव कमी, पण नियमकर्त्याला न सुचलेली गोष्ट करताच येत नाही. दुसऱ्यात काहीही करून पाहता येते, पण सगळे पंचावर अवलंबून. अमेरिकन सैन्यातला टॉटन नावाचा अधिकारी १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ हे पुस्तक लिहून या वादात उतरला. त्याचे म्हणणे, खेळाडूला कशाचीही मनाई नसावी, केल्याचे फळ काय ते पंचाने पाहावे. हे पुस्तक लक्षात ठेवावे, कारण जवळजवळ नव्वद वर्षांनी ते एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका तरुणाच्या हाती लागणार आहे.

* * *

मधल्या काळात खेळ सैन्याच्या हातून सामान्यांकडे आला आणि येताना पंच हरवला. एच. जी. वेल्स यांचे ‘लिट्ल वॉर्स’ १९१३ चे. जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडायचे आणि स्प्रिंगच्या पितळी तोफेने लाकडी गोळे मारून ते खरोखर पाडायचे. निकाल डोळ्यांसमोर, तेव्हा पंच हवा कशाला? वेल्स युद्धविरोधी होते आणि खऱ्या युद्धापेक्षा हे किती बरे, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. मराठी वाचकाला जमिनीवरचे शिपाई समजावून सांगायला नकोत. दिवाळीत घरोघरी मातीचे किल्ले होतात, त्यांवर अळीव पेरले जाते, बुरुजांवर मावळे उभे राहतात. पण आपल्या किल्ल्यावर लढाई होत नाही. महाराज सिंहासनावर बसतात, पहारेकरी पहारा देतात, शेजारची मुले येऊन पाहून जातात. तो देखावा आहे आणि त्याला नियम नाहीत. वेल्स यांनी त्याच शिपायांना नियम दिले, एवढाच फरक. पण सगळे पुढचे त्या फरकातून आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिमोरच्या चार्ल्स रॉबर्ट्‌स यांनी पुठ्ठ्याच्या पटावरचे युद्धखेळ पेटीत घालून विकायला सुरुवात केली. ‘टॅक्टिक्स’ १९५४ मध्ये आला, १९५८ मध्ये ‘अ‍ॅव्हलॉन हिल’ ही कंपनी निघाली, १९६१ पासून तिच्या पटांवर षटकोनी घरे दिसू लागली. घरी खेळणारे दोघे असतात, पंच होऊन बसायला तिसरा कुठून आणणार? म्हणून सगळा न्याय नियमपुस्तिकेत कोंबला गेला. पुस्तिका जाड झाल्या. खेळाडू वकिलासारखे कलमे काढून भांडू लागले. मला या पेट्यांविषयी आदर आहे, पण त्यांत एक कोंडी होती: पुस्तिकेत नाही ते जगात नाही.

ती कोंडी मिनेसोटात फुटली. डेव्हिड वेस्ली नावाच्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात टॉटनचे पुस्तक सापडले आणि त्याने आपल्या मंडळाच्या खेळात पंच परत आणला. १९६९ च्या सुमारास त्याने नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली आणि लढाईच्या वाटेवरच्या ‘ब्राउनश्टाइन’ या काल्पनिक गावातल्या लोकांच्या भूमिकाही मित्रांना वाटल्या: कोणी महापौर, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलपती. बेत असा, की आधी गावातले राजकारण थोडे चालावे, मग फौजा भिडाव्यात. फौजा भिडल्याच नाहीत. भिडू कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन कुजबुजू लागले, गुप्त करार करू लागले. दोघे जण वेस्लीकडे आले आणि म्हणाले, आमचे भांडण झाले आहे, आम्हाला द्वंद्व लढायचे आहे. द्वंद्वाचा नियमच नव्हता. त्याने उभ्या उभ्या एक ठरवला. रात्री घरी जाताना आपला प्रयोग फसला असे त्याला वाटत होते. मित्र मात्र पुढचा खेळ कधी, असे विचारत राहिले.

त्या मित्रांत डेव्ह आर्नेसन होता. तो हे तंत्र घेऊन ‘ब्लॅकमूर’ नावाच्या राज्यात, राक्षसांच्या तळघरांत शिरला. विस्कॉन्सिनमध्ये गॅरी गायगॅक्स मध्ययुगीन लढायांचे नियम लिहीत होता. दोघांचे मिळून १९७४ च्या जानेवारीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाले. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची, एका खोक्यात तीन पुस्तिका. मुखपृष्ठावर ‘भूमिका’ हा शब्द नाही. उपशीर्षकात तो स्वतःला युद्धखेळांच्या मोहिमांचे नियम म्हणवतो. म्हणजे भूमिकेचा खेळ हा डावपेचांच्या खेळाचा शत्रू म्हणून जन्मला नाही. पंच परत आला, तेव्हा त्याच खेळाला फुटलेली ती फांदी होती.

* * *

दुसऱ्याच वर्षी, १९७५ मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकजाळ्यावर तळघरात हिंडण्याचे खेळ दिसू लागले. त्यांतल्या एकाचे नाव ‘पेडिट५’. ते कंटाळवाणे नाव मुद्दाम होते, कोणा व्यवस्थापकाला तो अभ्यासाचा धडा वाटावा म्हणून. तरी तो सापडे आणि पुसला जाई. या मुलांना मित्र हवे होते, पण रात्री दोन वाजता पंच व्हायला मित्र मिळत नाही. संगणक मिळतो. फासे तो क्षणात टाकतो, तक्ते पाठ असतात, दमत नाही. मेजावरचा सगळ्यात त्रासाचा भाग त्याने उचलला. प्रश्न एवढाच, की पंचाचे काम आकडेमोडीपुरते होते का?

पुढची वीस वर्षे दोन्ही घराण्यांनी हा प्रश्न बाजूला ठेवून भराभर वाढ केली. भूमिकेच्या बाजूला १९८० चा ‘रोग’, १९८१ चे ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’, त्यांच्यावरून जपानात १९८६ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’. यातल्या बहुतेकांत भूमिका म्हणजे आकडे: बळ इतके, चपळाई इतकी, मारा आणि वाढवा. मला हे खेळ कधी फारसे भावले नाहीत. शंभर राक्षस मारल्यावर माणूस बदलतो हे खरे, पण ‘बळ अधिक दोन’ अशा रीतीने नाही. अपवाद रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ च्या चौथ्या ‘अल्टिमा’चा. त्यात मारायला खलनायक नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचे, हाच खेळ. शब्द आपला आणि अर्थही फारसा बिघडलेला नाही. एका दुकानात आंधळी बाई जडीबुटी विकते आणि पैसे तुम्हीच मोजून द्यायचे असतात. कमी दिले तरी ती काही बोलत नाही. तुमचा प्रामाणिकपणा मात्र आत कुठेतरी घटलेला असतो. पंच पाहत होता, बोलत नव्हता.

डावपेचांच्या बाजूला १९९१ चा सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा मैलाचा दगड. शेली आधी अ‍ॅव्हलॉन हिलमध्ये काम करत होते, आणि शोधांतून शोध निघत जाण्याची कल्पना फ्रान्सिस ट्रेशम यांच्या १९८० च्या त्याच नावाच्या पटावरच्या खेळात आधीच होती. सहा हजार वर्षांचा मानवी इतिहास फ्लॉपींतून निघाला आणि माझ्या पिढीच्या कित्येक रात्री घेऊन गेला. ‘आणखी एक पाळी’ म्हणता म्हणता दूधवाला येई.

इथे पंचाच्या खुर्चीत बसलेल्या यंत्राचा पहिला दोष दिसतो: ते कारण सांगत नाही. त्यातून दंतकथा जन्मतात. या मालिकेतले गांधीजी लोकशाही स्वीकारल्यावर अणुबाँब टाकू लागतात, कारण त्यांच्या आक्रमकतेचा आकडा शून्याच्या खाली जाऊन २५५ होतो, ही गोष्ट जगभर सांगितली गेली, संगणकाच्या वर्गांत उदाहरण म्हणूनही. मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले, की असा दोष पहिल्या खेळात नव्हताच. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत मात्र गांधीजींचा अण्वस्त्रांकडचा कल मुद्दाम, थट्टा म्हणून, वर नेलेला आहे. दंतकथा खरी वाटली, कारण आत पाहायची सोय कोणालाच नव्हती. उलट घडल्याचेही उदाहरण आहे. १९९४ च्या ‘एक्स-कॉम’मध्ये एका दोषामुळे अवघड पातळी निवडली तरी खेळ थोड्याच वेळात गुपचूप सर्वांत सोप्या पातळीवर येई. अवघड पातळी जिंकली म्हणून फुशारकी मारणारे कितीतरी वीर खरे तर नवशिक्यांच्या वर्गात होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. यंत्र फासे लपवून टाकते. २०१० मधल्या एका व्याख्यानात मायर यांनी सांगितले, की तीनास एक अशी बाजू वरचढ असताना खेळाडू हरला तर तो चिडतो; चारांतून एकदा हरणारच, हे त्याला पटत नाही. मग त्याच्या समजुतीला धरून हिशेबच बदलला गेला. २०१२ च्या नव्या ‘एक्सकॉम’मध्येही सोप्या पातळ्यांवर पडद्यावर दिसणाऱ्या टक्केवारीपेक्षा खरी शक्यता खेळाडूच्या बाजूने झुकलेली असते. व्यापाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचे असेल. पण राइसवित्झच्या मेजावर फासे सगळ्यांसमोर पडत. आपण वाईट सेनापती आहोत हे कळणे, हा त्या खेळाचा उपयोग होता. खुशमस्करा पंच खेळाडूला शिकवत नाही.

* * *

इतपत ठीक. खेळ आहे, कोणी फसवून घेत असेल तर घेऊ दे. पण हे खेळ इतिहासाचेही आहेत आणि तिथे लपलेल्या निकालांची किंमत वेगळी होते.

१९९३ मध्ये अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने या प्रकाराला चार क्रियापदांचे नाव दिले: शोधा, पसरा, पिळा, संपवा. थट्टेने दिलेले नाव शास्त्रीय संज्ञेसारखे रूढ झाले. नकाशा अंधारलेला असतो, तो उजळायचा. जमीन रिकामी असते, तिथे वसायचे. आधीपासून तिथे असणारे ‘रानटी’ या सदरात. युरोपच्या एका काळाचा अनुभव इथे भौतिकशास्त्राच्या नियमासारखा बसवलेला आहे. मेजाशी माणूस पंच असता, तर कोणीतरी हटकले असते, ‘अहो, पण ही जमीन रिकामी कशी?’ यंत्राला हटकता येत नाही.

मराठी खेळाडूला हे आपल्या घराच्या नकाशावर तपासता येते. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांचे राज्य घेऊन खेळता येते. खेळ १७०० साली सुरू होतो. पहिल्यांदा यादीत ते नाव पाहिले तेव्हा माझा ऊर भरून आला, हे कबूल. पण १७०० साल म्हणजे काय? औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसला आहे, मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराबाईंनी कारभार हाती घेतला, राजधानी म्हणावी असे एक ठिकाण नाही आणि फौज सरदारांच्या जहागिऱ्यांवर जगते आहे. जिंजीला गेलेला दरबार परत येऊन दोन-तीन वर्षेही झाली नव्हती. खेळातल्या राज्याला मात्र राजधानी असते, तिजोरी असते, दर पाळीला ठरलेले उत्पन्न असते आणि प्रदेशावर एकच रंग असतो.

एका प्रदेशाला एक रंग, हा या सगळ्या खेळांचा मूलभूत नियम. मराठ्यांचा अठराव्या शतकातला विस्तार नेमका या नियमाच्या बाहेर झाला. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर आणखी दहा टक्के. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांसाठी या हक्कांच्या सनदा आणल्या, तेव्हा सुभे बादशहाचेच राहिले. एकाच गावातून निजामाचा अंमलदारही वसूल करी आणि मराठ्यांचा कमाविसदारही. त्या गावाला कोणता रंग द्यायचा? राज्य आधी हिशेबाच्या वहीत पसरले आणि मागून नकाशावर. मला ठाऊक असलेल्या एकाही मोठ्या खेळात ही गोष्ट नीट खेळता येत नाही. नाइलाजाने पुण्याहून निघून प्रदेशामागून प्रदेश रंगवत जायचे, म्हणजे मराठ्यांनी प्रशियासारखे वागायचे.

स्टॉकहोमच्या ‘पॅराडॉक्स’चा २०१३ चा ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’, चौथा, याहून खोल खेळ आहे. त्यात जगातल्या राज्यांचे गट पाडले होते आणि बिगर-युरोपीय गटांना तंत्रज्ञान महाग पडे. सुटका एकच: ‘पाश्चात्यीकरण’ नावाचा निर्णय. शेजारी युरोपीय हवा, मग काही वर्षे गोंधळ आणि बंड सोसायचे, मग तुम्ही त्यांच्यासारखे. आता पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूला इब्राहिमखान गारदी उभा आहे. त्याचे पायदळ फ्रेंच पद्धतीने कवायत शिकलेले. १७८४ पासून महादजी शिंद्यांकडे द बोआन्य आहे, आग्र्याला तोफांचा कारखाना आहे. १८०३ मध्ये असईला याच कवायती पायदळाने आणि तोफखान्याने वेलस्लीच्या लहान फौजेची जबर हानी केली. कोणी सबंध समाजाचे ‘पाश्चात्यीकरण’ केले नव्हते. पैसे दिले, माणसे घेतली, कारखाना घातला. आणि पराभवाचे कारणही तंत्रज्ञानाच्या आकड्यात सापडत नाही. इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतले युरोपीय अधिकारी फोडले, त्यांच्यामागे कर्ज उभारण्याची मोठी ताकद होती. रँडॉल्फ कूपर यांनी इंग्रज-मराठा युद्धांवरील आपल्या ग्रंथात हेच मांडले आहे, की शस्त्रांपेक्षा सैनिकी मनुष्यबळाच्या बाजारावरचा ताबा निर्णायक ठरला.

पॅराडॉक्सला श्रेय द्यायला हवे, की २०१६ मध्ये त्यांनी ती व्यवस्था काढून टाकली. आता ‘प्रबोधन’, ‘छापखाना’, ‘जागतिक व्यापार’ अशा संस्था निर्माण होतात आणि पसरतात. त्यांतल्या काही जगात कोठेही जन्मू शकतात, प्रबोधन मात्र इटलीतच. नियम बदलला हे महत्त्वाचे. म्हणजे तो निसर्गनियम नव्हता, कोणाचे तरी मत होते.

* * *

मग यंत्राला चांगला पंच होता आलेच नाही का? काही वेळा आले आहे आणि ते खेळ मी पुन्हा पुन्हा खेळतो. १९९७ चा ‘फॉलआउट’ घ्या. अणुयुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात शेवटी जो महाखलनायक भेटतो, त्याचा बेत सगळ्या माणसांना नव्या, बलवान प्रजातीत बदलण्याचा आहे. त्याला लढून मारता येते. पण वाटेत डोळे उघडे ठेवून पुरावा गोळा केला असेल, तर त्याच्यासमोर बसून सांगता येते, की तुझी ही नवी प्रजाती वांझ आहे, तिला मुले होणार नाहीत. तो पुरावा वाचतो, त्याला पटते आणि तो आपला बेत स्वतःच संपवतो. टॉटनला हा प्रसंग आवडला असता. काय करून पाहायचे ते खेळाडूने ठरवले आणि पंचाने त्याचा विचार आधीच करून ठेवला होता.

मर्यादा याच वाक्यात आहे: आधीच. वेस्लीने द्वंद्वाचा नियम उभ्या उभ्या केला. ‘फॉलआउट’च्या लेखकांनी तो वर्षभर आधी लिहून ठेवावा लागतो. म्हणून या खेळांत लिहिण्याचे ढीग वाढत गेले. २०१९ च्या ‘डिस्को एलिसियम’मध्ये तर लढाईच नाही, नायकाच्या डोक्यातले २४ गुण एकमेकांशी भांडतात आणि फासे पडद्यावर उघड पडतात. तो एस्टोनियातल्या ज्या मित्रमंडळाने लिहिला ते आधी मेजावर एकत्र खेळत असे, हे वाचल्यावर मला आश्चर्य वाटले नाही.

डावपेचांच्या बाजूने याच ठिकाणी पोहोचलेला खेळ म्हणजे पॅराडॉक्सचाच ‘क्रुसेडर किंग्ज’. इथे तुम्ही देश नसता, एक माणूस असता आणि मेलात तर वारस. दुसऱ्या आवृत्तीत २०१४ मध्ये भारत आला. १०६६ साली कल्याणीच्या चालुक्यांचा पहिला सोमेश्वर घेऊन सुरुवात केली, तर दुसरा सोमेश्वर आणि विक्रमादित्य हे दोन मुलगे वाढताना पाहावे लागतात. प्रत्यक्ष इतिहासात १०७६ मध्ये धाकट्याने थोरल्याला हटवले आणि बिल्हणाला काव्य रचून त्याचे समर्थन करावे लागले. तिसऱ्या आवृत्तीत, २०२० मध्ये, स्वभावाविरुद्ध वागलात तर मनावर ताण साठतो. दयाळू माणसाने भावाला कैद केले तर राज्य मिळते आणि झोप जाते. प्रदेशाचा रंग इथेही एकच, पण निकाल देणाऱ्याला आता माणूस दिसतो.

तरी दोन तक्रारी उरतातच आणि त्या मी पंचाच्या अनुपस्थितीतच जमा करतो. एक, हे खेळ कधी संपवावेत ते त्यांना कळत नाही. ‘सिव्हिलायझेशन’चा निकाल बहुधा दोन तृतीयांश खेळ झाल्यावर लागून चुकलेला असतो, उरलेले तास कारकुनी. माझ्या ओळखीचे बहुतेक खेळाडू डाव तिथेच सोडतात. क्रीगश्पीलचा पंच म्हणाला असता, ‘झाले, उठा, आता चर्चा करू.’ दुसरी, डाव साठवून मागे जाण्याची सोय. हरलो, पुन्हा उघडला; संवाद चुकला, पुन्हा उघडला. काम करणाऱ्या माणसाला खेळ अर्धवट ठेवून उठता यावे हे रास्तच आहे, पण त्या सोयीने निर्णयातला जीव जातो. एक्स-कॉममध्ये शिपायांना मी मित्रांची नावे द्यायचो. जोपर्यंत मागे न जाण्याचे पथ्य पाळले, तोपर्यंत त्या मोहिमा लक्षात राहिल्या. पथ्य सोडल्यानंतरची एकही आठवत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये ‘एआय डन्जन’ नावाचा खेळ आला. भाषेच्या प्रारूपावर चालणारा, काहीही टंकले तरी उत्तर देणारा. व्हेर्दीचे स्वप्न म्हणावे असा: तक्ते नाहीत, फासे नाहीत, आधी लिहून ठेवलेले काही नाही, पंच उभ्या उभ्या निकाल देतो. मी उत्साहाने बसलो. एका किल्ल्याच्या दाराशी मला पहारेकऱ्याने अडवले. मी लिहिले, की मी खिशातून तोफ काढतो. राइसवित्झच्या मेजावर यानंतर शांतता पसरली असती आणि पंचाने भुवया उंचावल्या असत्या. इथे लगेच पुढचे वाक्य आले: तुम्ही तोफ काढता, पहारेकरी घाबरून मागे सरतो. मी आणखी दोन तोफा काढल्या. त्याही निघाल्या.